घरी जाणारं पान

अंजनाबाई,

काल तुमची तेरवी झाली. तीनशे बारा पानं वाढली गेली आणि पाच पानं घरी गेली. आकडा मी स्वतः घेतला, मांडवाच्या दारात उभा राहून. तुम्ही असता तर चुलीपासूनच ओरडून विचारलं असतं, "त्या पाचात हजेरीबाबूच्या घरचं पान आहे का नाही?" आणि मी नेहमीसारखा पाण्याचे ड्रम भरले की नाही ते पाहायला निघून गेलो असतो.

आता तुम्ही विचारू शकत नाही, म्हणून मलाच सांगावं लागणार. सांगतो, पण क्रमानं. आकडा हातात आला की तो कुठून आला हे आधी मांडायचं, ही माझी खोड तुम्हाला माहीत आहे. तुम्ही तिला "बाबूची शेपटी" म्हणायच्या.

आपल्या गल्लीत लग्न असो, बारसं असो की तेरवी, चूल तुमची. पंगत बसायच्या आधी तुम्ही यजमानाला एकच प्रश्न विचारायच्या : "घरी जाणारी पानं किती?" जो कोणी पंगतीला येऊ शकला नाही, त्याच्यासाठी पत्रावळ वाढून, वरून दुसरी झाकून, सुतळीनं बांधून घरी पाठवायची. ही रीत सगळीकडे आहे. पण ती पानं मोजणारी आणि कोणाची ते लक्षात ठेवणारी बाई मी एकच पाहिली. कोणाच्या घरी किती वर्षं पान जातं, कोणाचं बंद झालं, कोणाचं नव्यानं सुरू झालं, हे सगळं तुमच्या डोक्यात. मी हिंगण्याच्या कारखान्यात टाइमकीपर. चारशे ऐंशी कामगारांची हजेरी माझ्या हातून जाते, म्हणून मी तुमचा हजेरीबाबू. तरी सांगतो, न आलेल्या माणसांची हजेरी ठेवणारं मी दुसरं कोणी पाहिलं नाही.

आणीबाणी उठल्यानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात दवाखान्यातल्या त्या तरुण डॉक्टरीणबाई आपल्या शाळेच्या व्हरांड्यात आल्या, तो रविवार आठवतो? त्या म्हणाल्या, "आमच्याकडे माणसं पोचतात तेव्हा फार उशीर झालेला असतो. कोणाला दोरीनं बांधून आणतात, कोणाला बेशुद्ध. मी तुमच्यातल्याच पंधरा जणांना दर रविवारी शिकवते. मन आजारी आहे हे कसं ओळखायचं, पिणाऱ्याशी कसं बोलायचं, घरच्यांना काय सांगायचं, दवाखान्यापर्यंत कसं आणायचं." समिती झाली. मी सेक्रेटरी झालो आणि लगेच नियम केला : आठवी पास पाहिजे.

तुम्ही आलात. हाताला हळद लागलेली होती, कुठलीतरी पंगत उठवूनच आला होता.

"शिक्षण?" मी विचारलं. माहीत असून विचारलं.

"चूल."

"इथं आठवी लागते, अंजनाबाई. फॉर्म भरावे लागतात."

"मले लिवता नाही येत, बाबू. मोजता येते. चारशे पानाचं मीठ मी मुठीनं घालते. आजपर्यंत कोणी म्हटलं का, खारट झालं म्हणून?"

डॉक्टरीणबाई हसल्या आणि म्हणाल्या, "लिहा यांचं नाव." सोळावं नाव तुमचं. मी ते पेन्सिलीनं लिहिलं. बाकी पंधरा शाईनं होती. ते शाईनं करायला मी पाच महिने लावले. तुम्हाला वाचता येत नव्हतं, म्हणून हे तुम्हाला कधी कळलं नाही. आज कबूल करतो.

त्यानंतर मी गल्लीची पाहणी काढली. चौदा प्रश्नांचा फॉर्म, सायक्लोस्टाइल केलेला, रेघा मी स्वतः पट्टीनं आखलेल्या. तिसरा प्रश्न : "घरात कोणी मानसिक रुग्ण आहे काय?" चौथा : "घरात कोणास मद्याचे व्यसन आहे काय?" आपले सोळा लोक दोन रविवार घरोघर फिरले. मी बेरीज केली. मानसिक रुग्ण : शून्य. व्यसन : तीन, आणि ते तिघंही शेजाऱ्यांनी सांगितलेले. विणकरांची गल्ली, कित्येकांचे माग बंद पडलेले, कोपऱ्यावर मोहाच्या दारूचा गुत्ता, आणि कागदावर आपल्याएवढी धडधाकट वस्ती नागपुरात दुसरी नाही!

तुम्ही तो कागद हातात घेतला. उलटा धरला होता. म्हणालात, "मंग आपलं काम झालं. चला, घरी जाऊ."

"तुम्हीच सांगा, काय विचारायचं?" मी जरा चिडूनच म्हणालो.

"असं विचारता का कोणी कोणाले? तुमच्या घरी पागल आहे का, दारुडा आहे का? मी विचारू का तुमाले?" तुम्ही क्षणभर थांबलात. मी वहीत पाहिलं. मग तुम्ही डॉक्टरीणबाईंकडे वळून म्हणालात, "बाई, सोपं आहे. लग्नाले जाता तवा घरी कोणाले ठेवून जाता, एवढं विचारायचं. अन् दारूचं पाहिजे असन तर विचारायचं, लग्नात कोणावर माणूस ठेवावा लागते? पागल घरी राहते, बाई. दारुडा सगळ्यात आधी येते."

पुढच्या रविवारी हे दोन प्रश्न घेऊन लोक फिरले. पहिल्या प्रश्नाला सतरा होकार आले. त्यात सहा म्हातारी माणसं, दोन बाळंतिणी, आणि दोन घरांनी म्हशीसाठी माणूस ठेवावा लागतो असं सांगितलं. ती दहा वजा केली. उरले सात. सात माणसं, जी कोणी पाच, कोणी बारा वर्षं एकाही मांडवात गेली नव्हती. दुसऱ्या प्रश्नाचे अकरा. डॉक्टरीणबाईंनी फळ्यावर सात आणि अकरा लिहिले. मग म्हणाल्या, "कॉलेजात आम्हाला हा प्रश्न कोणी शिकवला नाही."

तुम्ही मात्र खूष नव्हता. व्हरांड्यातून उतरताना मला म्हणालात, "सात नाही बाबू, आठ. मी आठ पानं पाठवते."

"सातच आहेत. मी दोनदा मोजले."

"तुमचं मोजणं चुकलं असन."

"माझं मोजणं चुकत नाही."

"मंग माह्यंच चुकलं असन," असं म्हणून तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि निघून गेलात. घरी जाऊन मी तिसऱ्यांदा बेरीज केली. सात.

आठवं पान माझ्या घरी येत होतं. माझा धाकटा भाऊ वसंता, तेव्हा तेहतीस वर्षांचा. मॅट्रिकला गणितात पैकीच्या पैकी मिळवलेला. बाविसाव्या वर्षी त्याला भिंतीतून बोलणं ऐकू यायला लागलं. एकदा दवाखान्यात नेलं, थोडा बरा झाला, मग आम्हीच औषध थांबवलं, कारण दवाखान्याच्या फाटकावर कोणी पाहिलं तर काय, ही भीती आजारापेक्षा मोठी होती. तेव्हापासून तो मागच्या खोलीत. कोणी विचारलं तर मी सांगायचो, "उमरेडला मामाकडे असतो." सगळ्या गल्लीला माहीत होतं की तो उमरेडला नाही. गल्लीनं मला कधी खोटं पाडलं नाही, हा गल्लीचा चांगुलपणा. माझ्या दोन मुलींची लग्नं व्हायची होती, हे माझं कारण.

वहीत खोटं लिहिण्याची मला सवय नाही. म्हणून मी माझ्या घरापुढे "नाही" लिहिलं नाही. मी माझं घरच लिहिलं नाही. बावीस नंबरनंतर एकदम चोवीस. गल्लीत घरं एकसष्ट, वहीत साठ. सहा वर्षं त्या वहीच्या पहिल्या पानावर माझी सही आहे, "वरील माहिती बरोबर आहे."

असा माणूस तुमचा सेक्रेटरी होता.

तुमच्याशी भांडणं पुष्कळ झाली. पण गणपतच्या वेळचं भांडण मी हरलो याचा मला आनंद आहे. पिणारे अकरा सापडल्यावर आपल्या समितीला घाई झाली. आपल्या लोकांत मागावर हात ठेवून घेतलेली शपथ मोडत नाहीत. मीच सुचवलं, शपथ घ्यायला लावू. त्या अकरांतल्या गणपतच्या घरी, त्याच्या बापाच्या मागावर, त्याच्यासह पाच जणांनी हात ठेवला : आजपासून एक थेंब नाही. टाळ्या झाल्या. मी वहीत नवा रकाना पाडला, "सुटली," आणि खाली पाच खुणा केल्या. त्या संध्याकाळी मी कारखान्यातसुद्धा सांगत सुटलो होतो असं आठवतं.

तिसऱ्या दिवशी गणपतच्या अंगाला कंप सुटला. शेजाऱ्यांनी दवाखान्यात चल म्हटलं तर तो म्हणे, "माग परीक्षा पाहून राहिला. मी हलणार नाही." घरच्यांनाही तेच वाटलं, बायकोनं मागाला हळदकुंकू वाहिलं. मला विचारलं असतं तर मीही म्हटलं असतं, धीर धर. तुम्ही त्यांच्याकडे डाळ निवडायला सूप मागायला गेलात. तुम्ही त्याला पाणी दिलंत आणि तांब्याची कड त्याच्या दातांवर वाजलेली ऐकलीत. रिक्षा बोलावलीत. तो येईना, तर म्हणालात, "शपथ दारूची घेतली न गा? रिक्षात बसायची तं नाही घेतली! बस मुकाट्यानं." दवाखान्याच्या अलीकडे रिक्षातच त्याला झटका आला. पोचला म्हणून वाचला.

पुढच्या रविवारी डॉक्टरीणबाईंनी आम्हाला समजावलं की वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्यानं एकदम सोडली तर शरीर उलटतं, जिवावर बेततं. आधी दवाखाना, मग सोडणं. मी मान खाली घालून ते सगळं लिहून घेतलं. वर्ग संपल्यावर तुम्ही वहीवर बोट ठेवून विचारलंत, "हे काय लिवलं?"

"सुटली."

"कोणाले ठाऊक सुटली का नाही? तुमाले ठाऊक? त्याले तरी ठाऊक आहे का? हे खोडा. आज आला का, तेवढं लिवा."

"मग आपल्या कामाचा निकाल काय दाखवायचा?"

"कारखान्यात काय लिवता तुमी? हा माणूस सुधारला, असं लिवता? आला, नाही आला, एवढंच न? मंग."

मी रकाना खोडला. तिथे "आला" असं लिहिलं. तोच रकाना आजही आहे. गणपत त्यानंतर तीनदा घसरला आणि तीनदा दवाखान्यात जाऊन आला, पण रविवारी त्याच्यासमोर खूण आहे. ज्या रविवारी पिऊन आला त्या रविवारीही आहे, कारण तुम्ही म्हणायच्या, "पिऊन आला ना? आला तं खरं." यावर माझं तुमच्याशी अजून पूर्ण पटलेलं नाही. पिऊन आलेल्यासाठी वेगळी खूण पाहिजे असं मला वाटतं. हा वाद तुम्ही अर्धा टाकून गेलात.

अंगारा देणाऱ्या भगताला तुम्ही आपल्या बाजूनं कसं वळवलंत तेही मला आधी पटलं नव्हतं. मी म्हणत होतो, त्याच्याविरुद्ध पत्रक काढू. तुम्ही त्याच्या मुलीच्या लग्नात चुलीवर होता, त्याला म्हणालात, "भाऊ, तू अंगारा दे, अंगाऱ्यानं काही बिघडत नाही. पण पुडीसंगं ही चिठ्ठीबी देत जा." चिठ्ठीवर दवाखान्याचा वार आणि वेळ होती. पहिल्या वर्षात त्याच्या चिठ्ठ्या घेऊन नऊ जण दवाखान्यात पोचले. माझं पत्रक छापलं असतं तर किती पोचले असते, हे मी वहीत लिहिलेलं नाही.

आता माझ्या उषाच्या लग्नाचा दिवस. दोन वर्षं झाली. हे लिहायला हात धजत नाही, पण हे टाळून बाकीचं लिहिणं म्हणजे पुन्हा तेवीस नंबर गाळणं होईल.

मांडव आपल्याच गल्लीत. वरपक्ष वर्ध्याहून आलेला. वसंता मागच्या खोलीत, बाहेरून कडी. त्याची समजूत घातलेली होती आणि तो गुपचूप बसलेला होता. त्यानं कधी कोणाला त्रास दिला नाही. पंगत बसायची वेळ झाली. तुम्ही झारा हातात घेऊन माझ्यासमोर आलात आणि रीतीप्रमाणे विचारलंत, "बाबू, घरी जाणारी पानं किती?"

मी व्याह्यांसमोर म्हणालो, "एकही नाही."

तुम्ही मागे फिरलात. पत्रावळ घेतली, वरण-भात, वांग्याची भाजी, पुरी, बुंदी वाढली, आणि पदराखाली धरून माझ्या घरात शिरलात. पंगत वाट पाहत बसली. वीस मिनिटं झाली, आचारीबाई कुठे, म्हणून हाका सुरू झाल्या. मी आत आलो तर कडी उघडी, तुम्ही त्याच्यासमोर जमिनीवर बसलेल्या, आणि तो सावकाश जेवत तुम्हाला सांगत होता की बुंदीचा पाक थोडा पुढे गेला, एका उकळीनं.

"बरोबर आहे," तुम्ही त्याला म्हणालात. "पाहुण्याशी बोलत राहिले अन् लक्ष चुकलं." मग माझ्याकडे न पाहता म्हणालात, "तुमच्या भावाले चव आहे, बाबू."

"लोक खोळंबलेत," मी म्हणालो.

तुम्ही उठलात. दारात थांबून हळू आवाजात बोललात, "दुसऱ्याच्या लग्नात घरी राहणारे मी गंज जण पाह्यले. घरच्या लग्नात घरी राहणारा आज पैल्यांदा पाह्यला."

मी म्हणालो, "तुम्ही तुमचं काम करा."

तुम्ही तुमचं काम केलंत. चारशे पानं वाढली, मीठ कुठे कमीजास्त नव्हतं. त्यानंतर महिनाभर मी तुमच्याशी वर्गाच्या कामापुरतंच बोललो. त्या वाक्याची माफी मी मागायची ठेवली होती. अशी ठेवलेली गोष्ट दोन वर्षं कशी राहते, हे मला आता कळलं.

पण तुम्ही दारात बोललात त्या वाक्यानं एक झालं. दीड महिन्यानं, साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, आम्ही नवरा-बायको, मी आणि कुसुम, वसंताला घेऊन पहाटेच्या पहिल्या बसनं दवाखान्यात गेलो. गल्ली उठायच्या आत निघालो. रांगेत उभे होतो तर पुढे आठ-दहा माणसं सोडून तुम्ही, पाचव्या घरच्या सुमनला घेऊन. तुम्ही मागे वळून पाहिलंत. मला पाहिलंत, कुसुमला, वसंताला. आणि पदर पुढे ओढून सुमनचा हात धरून रांगेच्या पार शेवटी जाऊन उभ्या राहिलात, आमच्याकडे पाठ करून. दीड तास जास्त थांबलात. घरात मला तोंडावर सुनावणाऱ्या बाईनं फाटकावर मला ओळखसुद्धा दाखवली नाही. कुसुम रांगेतच रडली. दुसऱ्या दिवशी तुम्ही तिला विचारलंत, "काहून वं, डोळे काहून सुजले?" जसं काही माहीतच नाही.

त्या दिवसापासून वसंता औषध घेतो. बोलणं अजून ऐकू येतं, पण तो म्हणतो, आता ते शेजारच्या घरातून आल्यासारखं येतं. झोपतो. अंगणात बसतो. महिन्यातून एकदा कारखान्याच्या ओव्हरटाइमची बेरीज मी त्याच्याकडून तपासून घेतो. दोनदा त्यानं माझी चूक काढली. एवढं होऊनही वहीत चोवीसच्या आधी बावीस, आणि पंगतीचं पान घरीच.

तुमचं-माझं शेवटचं भांडण आपल्या ओट्यावर झालं. तुम्ही लसूण सोलत होता. माझ्या धाकटीला, शोभाला, भंडाऱ्याचे पाहुणे दिवाळीनंतर पाहायला येणार हे तुम्हाला कळलं होतं.

"बाबू, मले वाचता नाही येत, पण ओळी मोजता येतात," तुम्ही म्हणालात. "तुमच्या वहीत साठ ओळी आहेत. गल्लीत चुली एकसष्ट."

"शोभाचं होऊ द्या, अंजनाबाई. मग लिहितो."

"शोभाचं झालं का नातीचं येईन. तुमचा मुहूर्त काही निघत नाही. दुसऱ्याच्या पोरींच्या घरी जाऊन तुमी काय सांगता? लपवू नोका, म्हणता न?"

"सांगणं सोपं असतं."

"मले कायले सांगता! मी कधी सांगितलं का, सोपं आहे म्हणून?" मग तुम्ही हसलात, लसणाची साल माझ्यावर झटकलीत. "एक सांगून ठेवते. माह्या तेरवीले तुमच्या घरी पान गेलं, तर मी उठून येईन अन् भर पंगतीत विचारीन."

मी म्हणालो, "तुमची तेरवी माझ्यानंतर." सात आठवडेही झाले नाहीत त्याला. छातीत कळ आली म्हणून चुलीपाशी बसलात आणि उठला नाहीत. माझं गणित असं क्वचित चुकतं.

तेरवीच्या आदल्या दिवशी कुसुमनं विचारलं, "उद्या वसंताभाऊजींचं पान...?" तिनं वाक्य पुरं केलं नाही. मी म्हणालो, "घरी येणार नाही." तिनं तांदळाचं सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "शोभाला विचारलं का?" शोभा आतूनच म्हणाली, "मला काय विचारता? काकाला विचारा ना, त्याला यायचं आहे का."

सहा वर्षं लोकांना शिकवलेली पहिली गोष्ट हीच होती : ज्याच्याबद्दल बोलता त्याला आधी विचारा. मी जाऊन विचारलं. वसंता म्हणाला, "तिथं लाउडस्पीकर आहे?" मी म्हणालो, तेरवीला नसतो. "मग येतो. कडेला बसेन."

शोभा आधीच गेली होती, आम्ही बाकीचे तिघं दुपारी निघालो. घरापासून मांडव चाळीस पावलं. मी मोजली नव्हती, वसंतानं मोजली. त्यानं मांडवात शिरताना सांगितलं, चाळीस. लोकांनी पाहिलं. दोघा-तिघांची बोलणी थांबली. गणपत पाण्याची बादली घेऊन उभा होता. तो म्हणाला, "काय गा वसंता, उमरेडहून कवा आला?" आणि सगळ्यांआधी स्वतःच हसला. वसंता म्हणाला, "आत्ताच." गणपतनं त्याला कडेला, वाऱ्याच्या बाजूला बसवलं आणि स्वतः त्याच्या शेजारचं पान घेतलं.

पंगत वाढली. तुमच्या जागी इतवारीतला कोणी आचारी आणला होता. सगळे मान खाली घालून जेवत होते. तेवढ्यात वसंता स्पष्ट आवाजात म्हणाला, "भात कच्चा आहे. अंजनाबाईच्या हातचा नाही."

मग पलीकडच्या रांगेतून सुमनची आई म्हणाली, "खरं आहे, बापा," आणि तिनं पदर तोंडाला लावला. त्यानंतर मांडवात जो काही आवाज झाला, त्यात रडणं किती आणि हसणं किती हे मला सांगता येणार नाही. तेरा दिवसांत जे कोणी बोललं नव्हतं, ते त्यानं बोलून टाकलं होतं.

पाच पानं घरी गेली. दोन म्हाताऱ्यांची, एक बाळंतिणीचं, दोन आपल्या आठांपैकी. म्हणजे आठांपैकी सहा पंगतीत होते. आपलं काम संपलेलं नाही, दोन उरलेत. मला दोन्ही घरं माहीत आहेत आणि येत्या रविवारी मी त्यांच्याकडे जाणार आहे. फॉर्म नेणार नाही. प्रश्न तुमचाच विचारीन, आणि विचारायच्या आधी माझं उत्तर सांगीन.

घरी आल्यावर वही काढली. बावीस आणि चोवीसच्या मधे जागा नव्हती, म्हणून समासात लिहिलं, शाईनं : घर तेवीस, वसंता, वय एकोणचाळीस, आला. मग भंडाऱ्याच्या पाहुण्यांना पत्र लिहिलं. घरात एक आजारी भाऊ आहे, औषध चालू आहे, आमच्यासोबत राहतो, लग्नात मांडवात असेल. हे चालत असेल तर यावं. शोभानं वाचलं, एक शुद्धलेखनाची चूक काढली आणि स्वतः नेऊन पेटीत टाकलं. उत्तर काय येईल मला माहीत नाही. नकार आला तरी समासातलं खोडणार नाही.

वर्ग चालू राहील. रविवारी चार वाजता, त्याच व्हरांड्यात. तुमच्या नावासमोर खूण करता येणार नाही, पण ओळ मी ठेवणार आहे. पिऊन आलेल्याची वेगळी खूण असावी हा माझा मुद्दा मी मागे घेतो. आणि उषाच्या लग्नात तुम्हाला जे बोललो, ते बोलायला नको होतं. वसंताला पान वाढणं हे काम माझं होतं. मी ते तुमच्यावर टाकून मोकळा झालो होतो.

भात, अंजनाबाई, खरंच कच्चा होता.